वाचक विचारतात: इंजिनासाठी ओपनिंग बुक

प्रश्न: बुद्धिबळ खेळणारे इंजिन (प्रोग्राम) मी हौसेने लिहिले आहे आणि ते आता पहिल्यांदाच इंजिनांच्या स्पर्धेत उतरणार आहे. पीजीएनमधले (डाव लिहून ठेवण्याचा फाइल-प्रकार) काही लाख डाव गोळा करून ठेवलेत. त्यांतून ओपनिंग बुक, म्हणजे सुरुवातीच्या तयार चालींची यादी, कसे काढायचे?

आधी गाळणी लावा. बुक बनवायला पाच मिनिटे लागतात. वेळ जातो तो डाव निवडण्यात, आणि नेमके तेच काम लोक टाळतात.

निकाल नसलेले डाव पहिल्यांदा काढून टाका. बुद्धिबळ ९६० चे (मागच्या रांगेतली मोहरी चिठ्ठीने बदलून मांडलेले) डाव आणि मधलाच पट मांडून सुरू केलेले डावही ठेवू नका. मग दुबार डाव. दोन-तीन ठिकाणांहून संग्रह आणला की एकच डाव खेळाडूंच्या नावांच्या वेगवेगळ्या स्पेलिंगांनी तीनदा येतो आणि त्या चालीचे वजन तिप्पट होते. पीजीएन-एक्स्ट्रॅक्ट हा फुकट प्रोग्राम दुबार डाव नावावरून नाही, चालींवरून ओळखतो, म्हणून तोच वापरा. त्यानंतर रेटिंग पाहा. दोन्ही खेळाडू २४०० च्या वर असावेत. ब्लिट्झ आणि बुलेट (फार कमी वेळेचे डाव) नकोत. वीस चालींच्या आत बरोबरीत सुटलेले डावही काढा. त्यांतले पुष्कळ डाव दोघांनी न खेळण्याचे ठरवल्यामुळे संपलेले असतात, त्यांतून चालीची किंमत कळत नाही. तीच गोष्ट वेळ संपल्याने हरलेल्या डावांची.

इंजिनांचे डाव त्यात मिसळायचे असतील तर एक सापळा आहे. टीसीईसीसारख्या इंजिनांच्या स्पर्धेत सुरुवातीच्या चाली आयोजक ठरवून देतात आणि तीच सुरुवात रंग बदलून दोनदा खेळवतात. म्हणजे त्या चाली इंजिनाने निवडलेल्याच नसतात. बरोबऱ्या टाळण्यासाठी मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या सुरुवाती दिल्या जातात. असे डाव जसेच्या तसे ओतले तर काळ्याची वाईट चाल तुमच्या बुकात ‘शेकडो वेळा खेळली गेलेली’ म्हणून दिमाखात बसते, आणि पांढऱ्याची टक्केवारी उगाच फुगते. असे डाव वेगळे काढा, नाहीतर आयोजकांच्या चाली जिथे संपतात तिथून पुढच्याच चाली मोजा.

आता प्रत्यक्ष बुक. बुक बनवणाऱ्या पॉलीग्लॉट प्रोग्रामची ‘मेक-बुक’ आज्ञा पीजीएन घेते आणि बिन फाइल देते. तिला दोन आकडे जरूर द्या. ‘मॅक्स-प्लाय’ म्हणजे किती अर्ध्या चालींपर्यंत वाचायचे: २४ ते ३० पुरे. ‘मिन-गेम’ म्हणजे चाल निदान किती डावांत आलेली हवी: संग्रह लाखांत असेल तर ५, अगदी छोटा असेल तर ३. हा आकडा १ ठेवलात तर कुणाच्या तरी हातून चुकून पडलेली चालसुद्धा बुकात येईल.

पांढऱ्याचे आणि काळ्याचे बुक वेगवेगळे काढा (‘ओन्ली-व्हाइट’ आणि ‘ओन्ली-ब्लॅक’), हवे तसे कापा आणि मग ‘मर्ज-बुक’ने जोडा. चाल कुणाची हेही स्थितीच्या किल्लीत (पटावरून काढलेल्या ओळखीच्या आकड्यात) धरलेले असते, त्यामुळे जोडताना दोन्ही बाजू एकमेकींवर येत नाहीत. वेगळे काढण्याचा फायदा असा की पांढऱ्याकडून आपण फक्त डी४ खेळायचे ठरवू शकतो आणि काळ्याकडून मात्र समोरच्याच्या ई४, सी४, घोडा एफ३ या सगळ्यांना उत्तर तयार ठेवू शकतो.

फाइल किती मोठी होईल याची धास्ती नको. एक नोंद १६ बाइटची असते: ८ बाइट किल्ली, २ चाल, २ वजन आणि ४ ‘लर्न’साठी. पाच लाख नोंदी म्हणजे ८० लाख बाइट. किल्ल्या चढत्या क्रमाने असल्यामुळे मधोमध कापत शोधले की एकोणीस-वीस पावलांत नोंद सापडते.

प्रश्न: आकडेवारीत उत्तम दिसणारी चाल बुकाने क्वचितच खेळली आणि सुमार चाल सारखी खेळली. वजनात गडबड आहे का?

गडबड नाही, वजन काढण्याची रीतच तशी आहे. पॉलीग्लॉट जिंकलेल्या डावाला २ आणि बरोबरीला १ देऊन बेरीज करतो. एकाच पटावर दोन चाली आहेत असे धरा. पहिली १,००० डावांत आली: ३०० विजय, ३०० बरोबऱ्या, ४०० पराभव. तिचे यश ४५ टक्के, पण वजन ६०० + ३०० = ९००. दुसरी १०० डावांत आली: ६० विजय, ३० बरोबऱ्या, १० पराभव. यश ७५ टक्के, वजन १५०. वजनाच्या प्रमाणात चिठ्ठी टाकली की पहिली चाल दर सात डावांत सहा वेळा निघणार.

म्हणून वजन आपल्या हाताने ठरवा. जी चाल माहीत असावी पण खेळू नये तिला शून्य द्या. प्रमाणात निवड करणारा प्रोग्राम तिला हात लावत नाही. उरलेल्यांना १०० पैकी वाटा द्या. डावाच्या पहिल्या पाच-सहा चालींतले पट शंभर-दोनशेच असतात, एका सुट्टीच्या दिवसात ते हाताने होतात.

पण त्या ७५ टक्क्यांवरही लगेच भाळू नका. आकडेवारी सरासरी सांगते आणि स्पर्धेत समोरचा सरासरी चाल खेळत नाही. आपल्या चालीला प्रतिस्पर्ध्याची तीन उत्तरे आहेत आणि त्यांच्या टोकाला आपल्याला +०.६०, +०.४५ आणि −०.५० मिळतात असे समजा (हे इंजिनाच्या मूल्यमापनाचे आकडे, साधारण प्याद्यांच्या मापात; अधिक म्हणजे आपण पुढे). पहिली दोन उत्तरे माणसांनी शेकडो वेळा दिली, तिसरे मोजक्या वेळा, कारण ते पटकन दिसत नाही. टक्केवारी छान दिसेल. इंजिनाला तिसरे उत्तर काही सेकंदांत दिसते. या चालीची खरी किंमत −०.५०. आपल्या वळणाला सर्वांत मोठा आणि समोरच्याच्या वळणाला आपल्यासाठी सर्वांत लहान आकडा घेत टोकापासून मुळाकडे यायचे, एवढाच हा हिशेब. जी चाल त्या पटावरच्या आपल्या सर्वोत्तम चालीपेक्षा ०.३० हून जास्त मागे पडते ती कापावी.

प्रश्न: बुक संपताच माझे इंजिन स्वतःला −०.७ देते आणि आत्ताच बाहेर काढलेला उंट परत जागेवर नेते. बुक तर नामांकित आहे.

नामांकित असेल, पण ते दुसऱ्या कुणासाठी केलेले आहे. बुक किती चालींचे आहे याला फारसे महत्त्व नाही. ते संपते त्या पटावर तुमच्या इंजिनाला पुढची चाल सुचते का, हे पाहा.

हा पट तुमच्यापेक्षा बळकट इंजिनाला द्या. त्यानेही −०.७ म्हटले तर बुक चुकले आहे. त्याने −०.२ म्हटले तर पट ठीक आहे, पण तुमच्या इंजिनाला तो समजत नाही. किंग्ज इंडियन ओपनिंगसारख्या बंद पटांत हे फार दिसते. पांढऱ्याकडे जागा जास्त असते, काळ्याचा प्रतिहल्ला अजून दहा चाली दूर असतो आणि तुमच्या शोधाला तेवढे दूर दिसत नाही. मग इंजिन घाबरून सोंगट्या मागे घेते आणि बुकाने केलेले सगळे निस्तरत बसते. चूक कुणाचीही असो, या स्पर्धेपुरती ती ओळ काढा. मूल्यमापन सुधारले की परत घालता येईल.

हे स्पर्धेआधीच कळावे म्हणून बुकाची सगळी टोके (जिथे बुकातली ओळ संपते ते पट) ईपीडी या पटांच्या यादीच्या फाइलमध्ये काढा आणि प्रत्येकावर आपलेच इंजिन मिनिटभर चालवा. ६,००० टोके म्हणजे १०० तास. चार प्रती समांतर चालवल्या तर २५. पांढऱ्याकडून ० च्या खाली आणि काळ्याकडून −०.५० च्या खाली जे दिसेल ते डोळ्याखालून घाला. हे उंबरठे तुमच्या इंजिनाच्या मापाने ठरवायचे, कारण प्रत्येक इंजिनाचा ‘एक प्यादे’ वेगळा असतो. स्टॉकफिश या इंजिनात १५.१ या आवृत्तीपासून +१.०० चा अर्थ स्वतःशीच खेळताना जिंकण्याची शक्यता ५० टक्के, असा बसवला आहे. प्याद्याशी त्याचा थेट संबंध राहिलेला नाही.

जगज्जेत्या कास्पारोव्ह यांना हरवणाऱ्या डीप ब्लू या आयबीएमच्या संगणकाचे बुक याच पद्धतीने केले होते. जोएल बेंजामिन यांनी, निक डी फर्मियन, जॉन फेडोरोविच आणि मिगेल इलेस्कास या ग्रँडमास्टरांच्या मदतीने, जेमतेम ४,००० स्थिती हाताने निवडल्या. डीप ब्लू ज्या प्रकारचे पट चांगले खेळतो तेच घेतले आणि प्रत्येक स्थिती रात्रभराच्या शोधांत त्याच्याकडूनच तपासून घेतली. सुमारे ७ लाख ग्रँडमास्टर डावांची आकडेवारीही सोबत होती, पण ती सहसा चाल थेट ठरवत नसे. मूल्यमापनात थोडी भर किंवा घट करून शोधाला नुसते सुचवत असे. ११ मे १९९७ च्या सहाव्या डावात कास्पारोव्ह यांनी कारो-कान ओपनिंगमध्ये सातव्या चालीला प्यादे एच६ वर ढकलले, तेव्हा ई६ वरचा घोड्याचा बळी बुकातूनच आला. डाव १९ चालींत संपला.

प्रश्न: माझ्या इंजिनाने नवव्या चालीला बरोबरी केली. पांढरी मोहरी होती, समोरचे इंजिन दुबळे होते आणि सगळ्या चाली बुकातल्या होत्या! हे कसे?

डाव नायडॉर्फ सिसिलियन ओपनिंगचा असणार (घो म्हणजे घोडा, उं म्हणजे उंट):

१.ई४ सी५ २.घोएफ३ डी६ ३.डी४ सी×डी४ ४.घो×डी४ घोएफ६ ५.घोसी३ ए६ ६.उंई३ घोजी४ ७.उंसी१ घोएफ६

सातव्या चालीनंतरचा पट पाचव्या चालीनंतरच्या पटाशी तंतोतंत जुळतो. बुकाला फक्त समोरचा पट दिसतो, तिथवर कसे आलो ते नाही. म्हणून ते पुन्हा ८.उंई३ सांगते, काळा पुन्हा घोजी४, ९.उंसी१ घोएफ६, आणि तोच पट तिसऱ्यांदा, म्हणजे बरोबरी. माणसेही बरोबरी हवी असली की हे खेळतात, त्यामुळे ७.उंसी१ संग्रहात भरपूर सापडते.

दोन उपाय आहेत आणि दोन्ही करा. बुकात ७.उंसी१ चे वजन शून्य करा आणि ७.उंजी५ ठेवा. प्रोग्राममध्ये बुकातली चाल खेळण्याआधी एक तपासणी घाला: या चालीने डावात आधी येऊन गेलेला पट तयार होत असेल तर बुक सोडून शोध सुरू करायचा. मुळाकडे येण्याचा वरचा हिशेब करणाऱ्या प्रोग्राममध्येही ही काळजी हवी. पटांचे झाड इथे वर्तुळ होते आणि साधा पुनरावर्ती कोड त्यात फिरत राहतो.

प्रश्न: पॉलीग्लॉट बुक वाचणारा कोड मी स्वतः लिहिला. सुरुवातीच्या पटावर चाल मिळते, पण प्रतिस्पर्ध्याने १.ई४ खेळताच ‘नोंद नाही’ असे येते. फाइल खराब आहे का?

फाइल ठीक आहे. तुम्ही एन पासांचे (दोन घरे पुढे गेलेले प्यादे शेजारच्या प्याद्याने वाटेत खाण्याचे) घर किल्लीत नको तिथे मिसळता आहात. १.ई४ नंतर एफईएनमध्ये (पट एका ओळीत लिहिण्याच्या पद्धतीत) ई३ हे घर लिहिलेले असू शकते, पण ते प्यादे खाऊ शकेल असे काळे प्यादे शेजारी उभे असेल तरच पॉलीग्लॉट त्या स्तंभाचा आकडा किल्लीत धरतो. इथे तसे प्यादे नाही. तुमचा कोड तो आकडा धरतो, म्हणून दोन घरे पुढे गेलेल्या प्रत्येक प्याद्यानंतर तुमची किल्ली चुकते आणि पुढच्या चालीला आपोआप परत जुळते. खूण पटली का?

किल्लीत एकूण ७८१ ठरीव यादृच्छिक आकडे आहेत: मोहऱ्यांसाठी १२ × ६४ = ७६८, कॅसलिंगचे ४, एन पासांचे ८ आणि चाल पांढऱ्याची असेल तर १. हे तक्ते जसेच्या तसे उतरवायचे, स्वतःचे बनवायचे नाहीत. मोहऱ्यांच्या क्रमातही काळे प्यादे आधी, पांढरे नंतर, मग काळा घोडा, पांढरा घोडा, असे चालते. इथे बरेच जण पाय घसरून पडतात. फॉरमॅटच्या वर्णनात पडताळणीसाठी काही पट आणि त्यांच्या किल्ल्या दिल्या आहेत, त्यात प्याद्याच्या दुहेरी चालीचेही पट आहेत. ते सगळे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणखी दोन जागा तपासा. आकडे मोठ्या टोकाकडून (मोठा बाइट आधी) लिहिलेले असतात, नेहमीच्या संगणकावर बाइट उलटवावे लागतात. आणि कॅसलिंग ‘राजा ई१ वरून एच१ वर’, म्हणजे राजाने आपलाच हत्ती खाल्ला, असे साठवलेले असते. ते न बदलता तसेच बाहेर पाठवलेत तर साध्या बुद्धिबळात समोरचा प्रोग्राम ती चाल बेकायदा ठरवेल आणि डाव तिथेच गमवाल.

प्रश्न: बुक इंजिनात ठेवावे की जीयूआयमध्ये (पट दाखवून इंजिन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये)?

एकाच ठिकाणी. जीयूआयचे बुक चालू असेल तर इंजिनाचा ‘ओनबुक’ (स्वतःचे बुक वापरण्याचा) पर्याय बंद करा. दोन्ही चालू राहिले तर जीयूआयचे बुक संपल्यावर इंजिनाचे बुक मध्येच जागे होते आणि तुम्ही तपासलेल्या टोकांना काही अर्थ उरत नाही. स्टॉकफिशसारख्या इंजिनाला स्वतःचे बुकच नाही, तिथे प्रश्न मिटला. जीयूआय कोणता फॉरमॅट वाचतो ते आधी पाहा: चेसबेसचे सीटीजी, अरीनाचे एबीके आणि पॉलीग्लॉटचे बिन एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सीटीजी हलवताना तिच्यासोबतच्या सीटीबी आणि सीटीओ फाइलीही न्याव्या लागतात.

प्रश्न: स्पर्धेतले डाव रोज प्रसिद्ध होतात. प्रतिस्पर्ध्याने माझा हरलेला डाव पाहून तीच ओळ पुन्हा खेळली तर?

खेळणारच. एका ओळीत तुमचे इंजिन हरले आणि बुक तीच चाल पुन्हा काढत असेल, तर शोधाची वेळ येईपर्यंत डाव कालच्याच वाटेने जातो. इंजिन प्रोसेसरच्या एकाच धाग्यावर (थ्रेडवर) चालत असेल तर पुढेही बऱ्याचदा तेच घडते.

पर्याय सुरुवातीला ठेवा, शेवटाला नाही. पहिल्या चालीला तीन आणि पुढच्या तीन वळणांवर दोन-दोन पर्याय ठेवले तर ३ × २ × २ × २ = २४ वाटा होतात, आणि चोवीस वाटा तपासता येतात. बाराव्या चालीला पर्याय देऊ नयेत: तिथे सहसा एकच चाल चांगली असते आणि दुसरी केवळ विविधतेसाठी घातलेली असते.

हरल्यानंतर अख्खी ओपनिंग काढून टाकण्याची घाई करू नका. डाव उघडा आणि आकडा नेमका कुठे पडला ते पाहा. बुकाच्या टोकाला ०.०० होते आणि साठाव्या चालीला हत्तींच्या शेवटात चूक झाली, तर बुकाचा दोष नाही. आपोआप शिकणारी बुके इथेच फसतात: त्यांना फक्त निकाल दिसतो आणि साठाव्या चालीच्या चुकीची शिक्षा चौथ्या चालीला मिळते. शिकण्याची सोय ठेवायचीच असेल तर निकालाऐवजी बुकाबाहेर पडल्यानंतरच्या पाच-सहा चालींतला आकडा तिला द्या.

सर्वांना मिळणारे प्रसिद्ध बुक वापरत असाल तर ते समोरच्याकडेही आहे हे धरून चाला. निदान तुमच्या मुख्य ओळींत त्याच्या दोन-तीन चाली आधीच वेगळी वाट घ्या.

प्रश्न: नव्या आवृत्तीचे बळ मोजायला हेच बुक वापरू का?

नको. स्पर्धेचे बुक अरुंद असते. हजार डाव खेळवले तरी पट तेच ते येतात आणि तुम्ही मोजता ते त्या पन्नास पटांवरचे बळ. चाचणीला वेगळा सुरुवातींचा संच घ्या आणि दोन्ही बाजूंची बुके बंद ठेवा.

इंजिने बळकट असतील आणि सुरुवाती समतोल असतील तर बरोबऱ्यांचा ढीग लागतो आणि छोटा फरक दिसायला डाव फार लागतात. म्हणून स्टीफन पोल यांनी यूएचओ नावाचे, माणसांच्या डावांतून काढलेले पण पांढऱ्याकडे झुकलेले संच केले. स्टॉकफिशच्या फिशटेस्ट चाचण्यांतही अशा सुरुवाती वापरतात. तुमचे इंजिन अजून नवशिके असेल तर याची गरज नाही, आठ चालींचा समतोल संच पुरतो.

इंजिनांचे डाव खेळवणाऱ्या क्यूटचेस-सीएलआय प्रोग्राममध्ये सुरुवातींचा क्रम ‘रँडम’ ठेवा, दर फेरीला दोन डाव ठेवा आणि ‘रिपीट’ चालू करा, म्हणजे तीच सुरुवात दोघांना दोन्ही रंगांनी मिळते. ‘रिपीट’ विसरलात आणि संच झुकलेला असेल तर मोजमापात सुरुवातीचे नशीबच जास्त उतरते. चाचणी संपल्यावर डावांची फाइल पीजीएन-एक्स्ट्रॅक्टमधून दुबारांसाठी एकदा गाळून पाहा. शंभरात पाच-दहा डाव जुळे निघाले तर संच लहान आहे, आणि तेवढे डाव तुमच्या निकालातून वजा धरा.